टाइमलाइनचा फ्रेम रेट बदलतच नाही, व्हिडिओ गचके खातोय – मदत हवी आहे (तातडीची)

उलटा_लॅपटॉप:
मुलाखतीचा व्हिडिओ एडिट करतोय. दोन अँगल आहेत, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय. एक्सपोर्ट केल्यावर चित्र गचके खातं, आणि दुसऱ्या अँगलमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सेटिंगमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलायला गेलो तर तो रकाना राखाडी झालाय, क्लिकच होत नाही. काय करू? उद्या सकाळी द्यायचं आहे. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

फ्रेममोजणी:
कोणतं सॉफ्टवेअर? फुटेज किती फ्रेम रेटचं? टाइमलाइन (क्लिप मांडायची पट्टी) कितीची? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

रेंडरबाबा:
दुसरा अँगल मोबाइलचा असणार. मोबाइल व्हेरिएबल, म्हणजे कमीजास्त होणाऱ्या, फ्रेम रेटमध्ये शूट करतो, उजेड कमी झाला की फ्रेम गाळतो. क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्राममध्ये टाका, व्हिडिओ टॅबवर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, क्वालिटी १८ च्या आसपास ठेवा, आणि ती नवी फाइल वापरा. दहापैकी नऊ वेळा हेच निघतं.

उलटा_लॅपटॉप:
दाविंची रिझॉल्व्ह, अजून काय! फुटेज २५ चं आहे. टाइमलाइन २४ दाखवतेय. मी २४ कधीच निवडलं नाही.

फ्रेममोजणी:
निवडलं नाही, पण नाकारलंही नाही. रिझॉल्व्हचं नवं प्रोजेक्ट मुळात २४ वर उघडतं. पहिली क्लिप आत घेताना 'फ्रेम रेट वेगळा आहे, बदलू का?' अशी खिडकी येते. तिथे 'डोन्ट चेंज' दाबलं गेलं की प्रोजेक्ट २४ वर राहतं, आणि मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या क्लिपच्या यादीत) क्लिप आल्यावर तो रकाना कुलूपबंद होतो. तुमचा राखाडी रकाना तोच.
गचक्यांचं म्हणाल तर एक गोष्ट तपासा: गचका साधारण दर सेकंदाला एकदा बसतो का? २५ फ्रेम २४ मध्ये कोंबायच्या तर सेकंदाला एक गाळावी लागते.

उलटा_लॅपटॉप:
हो!! अगदी घड्याळासारखा. मग 'प्लेबॅक फ्रेम रेट' नावाचा दुसरा रकाना उघडा आहे, तो २५ केला. काहीच फरक नाही.

फ्रेममोजणी:
पडणारही नाही. तो फक्त एडिट करताना खिडकीत किती वेगाने वाजवायचं ते ठरवतो. टाइमलाइन २४ चीच राहते, एक्सपोर्टही तिच्यावरूनच होतं. तो परत होता तसा करा.
उपाय असा. प्रोजेक्टचा रेट कुलूपबंद असला तरी त्याच प्रोजेक्टमध्ये वेगळ्या रेटची नवी टाइमलाइन काढता येते. कंट्रोल-एन दाबा, खिडकीत 'यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज' वरची खूण काढा, मग वर टॅब दिसतील. 'फॉरमॅट' टॅबमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट २५ करा. जुन्या टाइमलाइनवर सगळं निवडून कॉपी, नवीवर पेस्ट. त्याआधी फाइल मेनूतून प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून एक प्रत बाजूला ठेवा. पेस्ट केल्यावर कट एखाददुसरी फ्रेम सरकू शकतात, मध्ये काळी फट राहू शकते. कीफ्रेम (हालचाल किंवा बदल कुठे होतो त्या खुणा) आणि शीर्षकंही नजरेखालून घाला. एकूण कट किती आहेत?

स्वस्त_सल्ला:
एवढा खटाटोप कशाला? सगळं ६० वर करा. जास्त फ्रेम म्हणजे गुळगुळीत. मी तर म्हणतो सगळ्यांनीच ६० वर काम करावं.

फ्रेममोजणी:
२५ चं फुटेज ६० वर ठेवलं तर कुठली फ्रेम दोनदा दिसते, कुठली तीनदा. गुळगुळीत नाही, लंगडं दिसतं. मुख्य कॅमेरा २५ चा असेल तर टाइमलाइन २५ ची, विषय संपला.

रेंडरबाबा:
आणि दुसऱ्या अँगलचं काय? तो सिंक (चित्र-आवाज जुळणं) टाइमलाइन बदलून सुटणार नाही. हँडब्रेक.

तिरकी_नजर:
'जुळत नाही' म्हणजे नक्की कसं, ते धागाकर्त्याने सांगावं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखाच फरक असेल तर क्लिप सरकवली की झालं. फरक समान गतीने वाढत जात असेल तर कुठेतरी रेटचा घोळ आहे. कधी वाढतो, कधी थांबतो असं असेल तर व्हेरिएबल फ्रेम रेटचा संशय घ्यावा. तीन वेगळे रोग आहेत, औषध एक नाही.
शिवाय मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये क्लिप उघडून 'फ्रेम रेट मोड' काय लिहिलंय ते इथे द्या.

उलटा_लॅपटॉप:
कट तीसेक आहेत. दुसऱ्या अँगलला सुरुवात बरोबर, मग हळूहळू फरक वाढतो. ४२ मिनिटांच्या शेवटी चित्र आवाजाच्या अडीच सेकंद पुढे. मीडियाइन्फो म्हणतो: कॉन्स्टंट, २९.९७०. मोबाइल नाहीये तो, दुसरा कॅमेराच आहे. मोबाइल मी कुठे म्हटलं?

रेंडरबाबा:
मीडियाइन्फो प्रत्येक वेळी खरं सांगतोच असं नाही. एकदा हँडब्रेकमधून काढून बघायला काय जातं?

तिरकी_नजर:
४२ मिनिटांचा वेळ आणि चित्राचा दर्जा, दोन्ही जातं.
अडीच सेकंद हा आकडा बोलका आहे. ४२ मिनिटं म्हणजे २५२० सेकंद. २९.९७ आणि ३० मधला फरक हजारात एक. २५२० चा हजारावा भाग २.५२. म्हणजे २९.९७ ची क्लिप कोणीतरी ३० म्हणून वाजवतंय. तशी वाजवली की चित्र लवकर संपतं, आवाजाच्या पुढे पळतं. लक्षण तंतोतंत जुळतं.
क्लिपवर उजवं क्लिक करून 'क्लिप अॅट्रिब्यूट्स' मध्ये व्हिडिओ फ्रेम रेट किती आहे?

उलटा_लॅपटॉप:
३०. तो मीच केला होता. २९.९७ असा विचित्र आकडा दिसत होता, म्हणून पूर्ण केला. त्याने एवढा फरक पडतो?

तिरकी_नजर:
पडतो. क्लिप अॅट्रिब्यूट्स फ्रेमचं रूपांतर करत नाही. आहेत त्याच फ्रेम वेगळ्या वेगाने वाजवायला सांगतो. २९.९७ परत करा. आधी अॅट्रिब्यूट्स, मग टाइमलाइन हा क्रम पाळा. टाइमलाइनवर असलेल्या त्या क्लिपचे तुकडे काढून नव्याने ठेवलेले बरे.

गप्पिष्ट:
अवांतर: हा २९.९७ येतो कुठून, ३० का नाही?

तिरकी_नजर:
अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तिथून. आधी ३० च होतं. रंगाचा सिग्नल आणि ४.५ मेगाहर्ट्झवरचा ध्वनीचा सिग्नल एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी दिसू नये म्हणून ओळींची वारंवारता ४.५ मेगाहर्ट्झ भागिले २८६ अशी ठेवली. फ्रेममध्ये ओळी ५२५, भागाकार करून पाहा, २९.९७ येतो. नेमका आकडा ३०००० भागिले १००१. तासाला ३.६ सेकंदांचा हा फरक भरून काढायला ड्रॉप-फ्रेम टाइमकोड (फ्रेमला वेळेचे क्रमांक देण्याची पद्धत) आला. तो फ्रेम गाळत नाही, फक्त क्रमांक गाळतो: दर मिनिटाला दोन, दर दहावं मिनिट सोडून.

स्वस्त_सल्ला:
दिवे लुकलुकत असतील तर शटर १/५० ठेवा. ५० हर्ट्झच्या विजेवर हेच चालतं.

फ्रेममोजणी:
लुकलुकण्याबद्दल कोणी विचारलंय?

लाल_पट्टी:
रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याची घड्याळं वेगळी असतात, तोही सिंकचा भाग आहे हे कोणीच बोललं नाही.

तिरकी_नजर:
आहे, पण तो फरक तासाला मिलिसेकंदांत मोजायचा असतो. त्याने ४२ मिनिटांत अडीच सेकंद होत नाहीत.

उलटा_लॅपटॉप:
अॅट्रिब्यूट्स २९.९७ केलं, नवी टाइमलाइन २५ ची केली, कॉपी-पेस्ट केलं. गचका तसाच आहे!! टाइमलाइनवर २५ लिहिलेलं दिसतंय तरी.

फ्रेममोजणी:
टाइमलाइनवर सुट्या क्लिप आहेत की मल्टिकॅम (सगळे अँगल एकत्र बांधलेली क्लिप)?

उलटा_लॅपटॉप:
मल्टिकॅम. दोन अँगल आहेत म्हटल्यावर मल्टिकॅमच असणार ना.

फ्रेममोजणी:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मल्टिकॅम क्लिपला स्वतःचा फ्रेम रेट असतो, आणि तुमची बनली तेव्हा प्रोजेक्ट २४ वर होतं. आता २५ च्या टाइमलाइनवर २४ ची मल्टिकॅम आहे. आत फ्रेम गाळली जाते, बाहेर एक दुप्पट होते. म्हणून गचका हलला नाही. कंपाउंड क्लिप (अनेक क्लिप मिळून केलेली एक) असतील तर त्याही याच संशयात घ्या.
मीडिया पूलमध्ये दोन्ही मूळ क्लिप आणि रेकॉर्डरचा आवाज निवडा, उजवं क्लिक, नवी मल्टिकॅम. खिडकीत फ्रेम रेट २५, अँगल सिंक 'साउंड'. जुनी मल्टिकॅम दुरुस्त करत बसू नका. तीस कट आहेत, पुन्हा कापा. शक्य असेल तर नवं प्रोजेक्टच काढा आणि एकही क्लिप आत घेण्याआधी मास्टर सेटिंग्जमध्ये २५ करा.

रेंडरबाबा:
आणि तेवढ्यात हँडब्रेकही लावून ठेवा.

उलटा_लॅपटॉप:
नवं प्रोजेक्ट केलं. गचका गेला, शेवटच्या मिनिटालाही ओठ जुळतायत. फक्त दुसऱ्या अँगलमध्ये कॅमेरा बाजूला फिरतो तिथे थोडं अडखळतं.

तिरकी_नजर:
ते राहणार. २९.९७ मधून सेकंदाला जवळपास पाच फ्रेम गळतात. बसलेल्या माणसात दिसत नाही, कॅमेरा फिरताना दिसतं. तेवढाच तुकडा वेगळा करून इन्स्पेक्टरमध्ये रिटाइम प्रोसेस 'ऑप्टिकल फ्लो' (मधल्या फ्रेम नव्याने बनवतो) करून बघा. हलणाऱ्या हाताभोवती चित्र वितळल्यासारखं झालं तर 'फ्रेम ब्लेंड' (शेजारच्या फ्रेम मिसळतो), तेही धुरकट वाटलं तर त्या जागी पहिला अँगल लावा.

उलटा_लॅपटॉप:
पहिला अँगल लावला. एक्सपोर्ट सुरू आहे, ६१ टक्के.

गप्पिष्ट:
हेच सगळं प्रीमियर या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं?