तेरच्या वस्तू तेरमध्येच राहाव्यात का?

तेरणाकाठ
दिवाळीत पुतणीला घेऊन तेरला गेलो होतो. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि तिथलं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय पाहिलं. पोर एका कपाटापुढून हलेना. आत पांढऱ्या मातीची बाहुली. "काका, हिला शिवण आहे बघा." खरंच होती. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, दोन्ही जोडून भाजलेल्या, आतून पोकळ. कानाखालून खांद्यापर्यंत सांध्याची बारीक रेघ दिसत होती. सातवाहनांच्या काळातली ती बाहुली.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या 'तगर'चा उल्लेख आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भरूचच्या बंदरात जायचं. तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या इंग्रज अभिलेखतज्ज्ञाने १९०१ मध्ये मांडलं. ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे पुढे कितीतरी शतकं स्वतःला अभिमानाने 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ तगर नगरीचे स्वामी, म्हणवत होते. आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे?

घरी विषय निघाला तर मेहुणे म्हणाले, असल्या वस्तू मुंबई-पुण्याला हलवाव्यात, खेड्यात कोण बघतं? मला हे मुळीच पटत नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची पहिली सहल तेरला जावी आणि इतिहास या कपाटांपासून सुरू व्हावा. तुम्हाला काय वाटतं?

खापरी
सहल जरूर न्या. पण इतिहास कपाटापासून सुरू होतो, याला माझा विरोध आहे. मी पुरातत्त्व शिकले आहे. या संग्रहाचा मोठा भाग पावसाळ्यानंतर शेतात, नदीकाठी उघडा पडलेला आणि वेचून आणलेला आहे. म्हणजे वस्तू आहे, पण ती कोणत्या थरातून आली, शेजारी काय होतं, हे गेलं. तेरला मातीच्या बुल्ला मिळतात, म्हणजे रोमन नाण्यांचे छाप घेतलेल्या टिकल्या. लोक त्या गळ्यात घालत असावेत. तशी एखादी घराच्या जमिनीवर, मण्यांसोबत आणि चुलीच्या राखेजवळ सापडली असती तर ती कोण वापरत होतं याचा अंदाज बांधता आला असता. कपाटात ती फक्त 'रोमशी व्यापार' एवढंच सांगते. मुलं तेवढंच पाठ करून घरी येतात.

तेरणाकाठ
ताई, थराचं मान्य. पण लामतुऱ्यांनी वेचलं नसतं तर काय झालं असतं? नांगराखाली भुगा झाला असता, नाहीतर दलालाच्या पिशवीतून परदेशी गेलं असतं. गावातल्या एका माणसाने आयुष्यभर हजारो वस्तू जपल्या आणि त्या सरकारच्या हाती गेल्या, हाच मुळात तेरच्या इतिहासाचा एक भाग आहे.

उंबरठा
मेहुण्यांची बाजू मी घेतो. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचंच बघा. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पोंपेईला निघाली. पोंपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे ती त्याआधीच इकडून तिकडे पोचली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि तिला जग बघतं. आपली मात्र राज्यातल्याच लोकांना ठाऊक नाही. मुंबईत ठेवली तर वर्षाला लाखो लोक बघतील. भावना समजते, पण मूर्तीचंही काही भलं बघा.

तेरणाकाठ
तुमच्याच उदाहरणाने उत्तर देतो. नेपल्स पोंपेईपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. त्यांनी ती राजधानीत, रोमला नाही नेली. जोखीम वाटत असेल तर बंदोबस्त वाढवा, चांगले फोटो काढून सगळीकडे दाखवा. वस्तू का हलवायची?

चाकावरचा
आम्ही कुंभार. वडिलांबरोबर दरसाल तेरला जातो, म्हणून लिहितोय. इथं सगळे रोम रोम करताहेत. ती बाहुली केली कुणी? साच्यात माती आतून अंगठ्याने दाबावी लागते. कमी दाबली की नाक-डोळे उमटत नाहीत, जास्त दाबली की भिंत पातळ होऊन भट्टीत तडकते. दोन्ही अर्धे सारखेच ओले असताना जोडावे लागतात, नाहीतर सांधा सुटतो. गोरोबाकाकांच्या हजारेक वर्षं आधी आमच्याच गावाकडचा कुणीतरी हे करत होता. रोमन घाटाचे दिवेसुद्धा तेरच्या मातीत घडवलेले सापडलेत. पाटीवर 'रोमन प्रभाव' लिहितात, घडवणाऱ्याच्या हाताबद्दल एक ओळ नाही. वस्तू तेरमध्ये राहो की मुंबईत, आधी ती ओळ लिहा.

खापरी
दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सांध्याच्या ओलीबद्दल वर्गात मला कुणी सांगितलं नव्हतं. हे पाटीवर यायलाच हवं.

पण माझा मुद्दा मी सोडत नाही. आपण कपाटावर भांडतोय आणि खरा संग्रह अजून जमिनीत आहे. मराठवाड्यात गावोगावी जुन्या वस्तीची पांढर आहे, म्हणजे वस्तीचे थर साचून झालेलं पांढऱ्या मातीचं टेकाड. तिची माती कसदार, म्हणून खत म्हणून शेतात नेऊन टाकतात. एका ट्रॉलीत किती थर जात असतील? संग्रहालयात वस्तू वाढल्याचा आनंद मला तेव्हाच होईल, जेव्हा पांढर जागेवर राहील.

तेरणाकाठ
हे वाचून खाली बसलो. आमच्या गावालाही पांढर आहे. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने तिथून चार ट्रॉल्या माती आणून तुरीच्या रानात पसरली, आणि मी स्वतः उभा राहून ती पसरून घेतली. खापरं दिसली होती. बांधावर फेकली. आजच भावाला फोन करतो. ताई, आता त्या रानात काही दिसलं तर काय करू?

खापरी
उचलू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून जागेवरच फोटो काढा, बांधापासून किती पावलं ते लिहा आणि तारीख टाका. पुरलेलं काही मोलाचं निघालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि माती पांढरीच्या कोणत्या बाजूने, किती खोलवरून काढली, ते भावाला आठवतंय तोवर विचारून घ्या.