मदत हवी आहे : बारावीनंतर क्रीडा क्षेत्रात जायचं आहे, कोणती वाट धरावी?

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा बारावी झाली, कला शाखा. शाळेपासून खो-खो खेळते, राज्य स्तरापर्यंत पोहोचली आहे. पोल डाइव्ह (खांबापाशी झेप घेऊन गडी बाद करणं) तर बघत राहावी अशी! तिला याच क्षेत्रात राहायचं आहे आणि मला मनापासून वाटतं की तिने राहावंच. घरचे मात्र डी.एड. कर म्हणून मागे लागलेत.

आत्तापर्यंत काढलेली माहिती अशी : कुठलीही पदवी घेऊन, सीईटी आणि मैदानी चाचणी देऊन दोन वर्षांचं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी) करता येतं. किंवा आत्ताच तीन वर्षांच्या बी.पी.ई.एस.ला (शारीरिक शिक्षण आणि क्रीडा विषयाची पदवी) प्रवेश घ्यायचा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ डोळ्यांसमोर आहे. आमच्या सांगलीहून लांब आहे, पण 1914 पासूनची संस्था, मैदानाची परंपरा मोठी. प्रशिक्षकच व्हायचं तर पुढे पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा.

खरी अडचण नोकरीची आहे. अनेक शाळांत पीटीचा तास गणिताला दिला जातो, वेगळा क्रीडाशिक्षकही नसतो. मग बी.पी.एड. होऊन बसून राहायचं का? सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी तिने आणखी काही वर्षं स्पर्धांवरच भर द्यावा का?

तुमच्यापैकी कोणी क्रीडाशिक्षक किंवा प्रशिक्षक असाल, तर सुरुवातीला पगार किती मिळाला, कायम व्हायला किती वर्षं लागली, हे कृपया स्पष्ट सांगा. अमरावतीत मुलींच्या वसतिगृहाचा अनुभव असलेल्या ताईंनीही जरूर लिहा. प्रवेशाचे फॉर्म लवकरच भरायचे आहेत.