बेळगावहून बदामी, एक मुक्काम, गाईडसह: हा कार्यक्रम बसतोय का?

शहापूरकर
मंडळाची २६ माणसं, मिनीबस. शुक्रवारी पहाटे निघून शनिवारी रात्री परत. ट्रॅव्हल्सवाल्यांचा कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी ऐहोळे, पट्टदकलची देवळं आणि संध्याकाळी बदामीच्या गुहा. दुसऱ्या दिवशी बनशंकरी, बदामीचे "दोन्ही किल्ले" आणि परत. सात-आठजण साठीच्या पुढचे आहेत. किल्ल्याला वेळ किती धरायचा? पौषात जायचा विचार आहे.

रामदुर्गकर
क्रम उलटा करा. यरगट्टी, रामदुर्ग, कुळगेरी क्रॉस या वाटेने गेलात तर आधी बदामीच लागते, साधारण दीडशे किलोमीटर. तिथून पुढे ऐहोळेला जाऊन परत बदामीला यायचं म्हणजे गुहांना पोचेपर्यंत फाटक बंद व्हायची वेळ झालेली असते.

सहाला निघा, साडेदहापर्यंत गुहा गाठा. चारही गुहा उत्तराभिमुख आहेत, ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत बघता येतात. तिसऱ्या गुहेत चालुक्य राजा मंगलेशाचा शके ५०० म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे, गाईड पुढं सरकायच्या आत तो दाखवायला सांगा. संध्याकाळी अगस्त्य तळ्याकाठी भूतनाथाचं देऊळ. मुक्काम बदामीतच.

शनिवारी सकाळी आधी किल्ला, मग पट्टदकल, शेवटी ऐहोळे. परतताना अमिनगड, बागलकोट, लोकापूर, यरगट्टी. यरगट्टीपर्यंत गेलेल्या वाटेने परत यावं लागत नाही आणि अमिनगडला करदंटही (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घेता येतो. ऐहोळेहून तीनच्या आत गाडी हलवा.

बदामीचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं. शनिवारी किल्ला उतरल्यावर बघा, चढायची वाट त्याच्या शेजारूनच सुरू होते. आणि पौषात बनशंकरीची जत्रा असते. तारीख पौर्णिमेच्या आसपास आली तर लॉज मिळणं अवघड, रस्ताही तुंबतो. पौर्णिमा टाळा.

खानापूरकर
"दोन्ही किल्ले" हे शब्द आधी खोडून घ्या. दक्षिणेकडचा रणमंडल किल्ला गुहांच्या वरच्या अंगाला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गुहेच्या मधून वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या दाराला कुलूप असतं. चढता येतो तो उत्तरेकडचा, बावन बंडे कोटे, म्हणजे बावन्न खडकांचा किल्ला.

त्याला दोन-अडीच तास धरा. चढ फार नाही, पण वाट कड्याच्या अरुंद घळीतून जाते आणि दर वळणाला दिशा बदलते. दरवाजा ओलांडला की दोन्ही बाजूंना सरळ उभा तांबडा दगड, वर आभाळाची पट्टी. आत शिरलेला शत्रू इथं वरून सहज टिपता येतो. गाईड बहुतेक देवळांवरच बोलतात, म्हणून दरवाजे, बुरुज आणि माथ्यावरची गोल घुमटाची धान्यकोठारं दाखवा असं ठरवतानाच सांगून ठेवा.

जुनं काय आणि नवं काय हेही विचारा. चालुक्य राजा पहिल्या पुलकेशीने हा डोंगर दुर्गम केला, त्याचा शके ४६५ म्हणजे इ.स. ५४३ चा लेख इथल्याच कड्यावर कोरलेला आहे. वातापी (बदामीचं जुनं नाव) वरून आणि खालून दोन्हीकडून अभेद्य केली, असं त्यात म्हटलंय. पण आज दिसणारी बहुतेक तटबंदी नंतरची आहे. बंदुकीसाठी तटात ठेवलेल्या जंग्या, म्हणजे भोकं, दिसल्या की ते बांधकाम चालुक्यांचं नव्हे हे ओळखावं. १७८६ च्या मे महिन्यात मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी टिपूकडून बदामी घेतली तेव्हा आधी खालच्या शहराचा तट पडला, मग वरच्या शिबंदीने किल्ला दिला. वरून शहराकडं बघितलं की ते तसंच का घडलं हे लगेच कळतं.

ऐहोळेला तर मेगुती टेकडी सोडूच नका. कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४ चा लेख तिथं आहे, दुसऱ्या पुलकेशीच्या नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा उल्लेख त्यातलाच. दुर्ग मंदिरापाशी वेळ संपवून बऱ्याच सहली इथं येतच नाहीत, फार वाईट वाटतं.

टिळकवाडीची वीणा
साठीच्या पुढच्यांसाठी: किल्ल्यात खालच्या शिवालयापर्यंतच जायचं ठरवा, उतरताना गुडघे बोलतात. ज्यांना तेवढंही नको त्यांनी तळ्याकाठी बसावं. पायऱ्यांवर वाळूचा बारीक थर असतो, गुळगुळीत तळाची चप्पल उतरताना सरकते. बूट किंवा पट्ट्याची सॅंडल घाला. माणशी एक लिटर पाणी, कारण माथ्यावर सावली नाही आणि अकरानंतर दगड तापतो. बाटल्या पाठीवरच्या बॅगेत ठेवा. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं ओढतात, आत खाऊ असो वा नसो.

शहापूरकर
मनापासून आभार. गाईड मराठीत बोलेल का? २६ जणांना एक पुरतो का?

खानापूरकर
मराठीचा भरवसा धरू नका की. कन्नड नाहीतर हिंदी ठरवा, आपल्याकडं दोन्ही चालतात. गुहांत दोन गट करा आणि दोन गाईड घ्या, तेरा माणसं एका मंडपात उभी राहून ऐकू शकतात, सव्वीस नाही. परवाना असलेला गाईड गुहांच्या फाटकाशीच मिळतो. दर आणि वेळ आधी बोलून घ्या, आणि शनिवारचा किल्ला त्यात धरलाय का ते स्पष्ट विचारा.