ट्रक कॅम्परमधला गॅस डिटेक्टर रात्री ओरडतो. फ्यूज काढून टाकावा का?

देवराई_७

नमस्कार मंडळी. आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. मार्चमध्ये एक जुना ट्रक कॅम्पर, म्हणजे ट्रकवर बसवायचं छोटं घर, घेतला, १९९९चा. आमच्या फोर्ड एफ-२५० पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसतो. मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. आत दोन बर्नरची शेगडी, गॅसवर चालणारा फ्रिज, खोली गरम करणारी फर्नेस आणि पाणी तापवायचा हीटर, म्हणजे सगळंच प्रोपेनवर. सिलिंडर २० पौंडांचा, बाजूच्या कप्प्यात.

आतापर्यंत दोनदाच बाहेर राहिलो. दोन्ही वेळा पहाटे तीनच्या सुमारास जमिनीलगतचा गॅस डिटेक्टर ओरडायला लागला. ज्यांच्याकडून कॅम्पर घेतला त्यांना फोन केला, तर म्हणाले, "तो नेहमीच तसं करतो, आम्ही फ्यूज काढून ठेवायचो." दुसऱ्या खेपेला आम्हीही फ्यूज काढला आणि झोपलो. खरं सांगायचं तर मला झोप लागली नाही. मुलगी वर केबिनवरच्या पलंगावर झोपलेली आणि मी अंधारात वास घेत बसले. वास आला की नाही, अजूनही खात्रीने सांगता येत नाही.

नाशिकला आमच्या घरी आई रोज रात्री शेवटचं काम म्हणून रेग्युलेटर बंद करायची. पाहुणे असले, ताप असला, तरी ते चुकलं नाही. इथे मात्र फ्रिज चालू राहावा म्हणून सिलिंडर रात्रंदिवस उघडा. एवढ्याशा खोलीत स्फोट व्हायला किती गॅस लागतो? सिलिंडर फुटू शकतो का? आणि डिटेक्टरचं काय करू? ज्यांनी हे वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

टूसॉनकर

ताई, आधी फ्यूज परत बसवा. बाकीचं नंतर वाचा.

मी ६६ वर्षांचा आहे. ॲरिझोनात टूसॉनला असतो, चौदा वर्षं ट्रक कॅम्पर वापरतोय. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतोच, पण आधी एक प्रसंग सांगतो.

ऑक्टोबरचे दिवस होते. युटात मोआबच्या बाहेर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावरून दीड तास गेलो. जाताना फ्रिज गॅसवर चालू ठेवला होता, तेव्हा मी तसंच करायचो. मुक्कामाला पोचल्यावर बायकोने मागचं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थांबली. म्हणाली, "दिवा लावू नका." मी पायरीवर उभा होतो. उभ्याने वास अगदी पुसट, आला न आल्यासारखा. गुडघ्यावर वाकलो तर सडक्या कोबीचा भपकारा नाकात शिरला. उंबऱ्यावरून गॅस पाण्यासारखा खाली सांडत होता. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पावलापाशी गार वास लागत होता.

सिलिंडरचा वॉल्व बंद केला, दार उघडं टाकलं आणि वारा येतो त्या दिशेला शंभर पावलं लांब जाऊन बसलो. ट्रकची किल्ली फिरवली नाही. इंजिन त्या दारापासून कितीसं लांब? तास-सव्वातासाने परत आलो. शेगडीमागे तांब्याची गॅसनळी एका पत्र्याच्या पट्टीवर घासून घासून झिजली होती. भोक टाचणीच्या टोकाएवढं.

त्या दिवशी वाकून वास घेतला ते मी कधी विसरणार नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. तो वर जाऊन छतावरच्या झरोक्यातून निघून जात नाही, फरशीवर साचतो. म्हणूनच डिटेक्टर फरशीलगत लावलेला असतो, आणि म्हणूनच वरच्या पलंगावर झोपलेल्या माणसाच्या नाकावर भरवसा ठेवता येत नाही. तुम्ही बसून वास घेत होतात, पण कुठे? पलंगावर असाल तर तो वास घेणं नव्हेच.

आता किती गॅस लागतो त्याचा हिशेब करू. हवेत प्रोपेन साधारण २.१ टक्के झाला की ठिणगीने पेटतो, आणि साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला की हवा कमी पडते म्हणून पेटत नाही. तुमच्या कॅम्परची आतली जागा ४०० घनफूट धरू. त्याचे २.१ टक्के म्हणजे साडेआठ घनफुटांच्या आसपास. एक पौंड द्रव प्रोपेनचा साधारण तेवढाच वायू होतो. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. तोही अख्ख्या खोलीत सारखा पसरला तर. प्रत्यक्षात तो तळाशी थर करून बसतो, त्यामुळे खालच्या फूटभर जागेत धोका व्हायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. आणि तुमच्या सिलिंडरमध्ये वीस पौंड आहेत.

ठिणगीसाठी काडी ओढावी लागत नाही. पाण्याच्या पंपाचं बटण, फर्नेस आपोआप चालू होताना तिच्या इग्निटरची, म्हणजे ज्योत पेटवणाऱ्या भागाची, ठिणगी, फ्रिजचा इग्निटर, एवढं पुरतं. पहाटे थंडी वाढली की फर्नेस कुणाला न विचारता चालू होते.

सिलिंडर फुटण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण माझ्या मते ती चुकीच्या ठिकाणी आहे. सिलिंडरला जास्त झालेला दाब सोडणारा वॉल्व असतो, सुमारे ३७५ पीएसआयला (दर चौरस इंचाला ३७५ पौंड दाब) उघडणारा. तो भरायचाही ८० टक्केच, कारण द्रव प्रोपेन दर १० अंश फॅरनहाइटला अंदाजे दीड टक्का फुगतो. तुमच्याकडे डोंगरात थंडीत काठोकाठ भरलेला सिलिंडर आमच्या वाळवंटात आणला तर वॉल्व गॅस बाहेर फेकणारच. २००२पासून जास्त भरू न देणारा वॉल्व सक्तीचा झाला, त्याची मूठ तिकोनी असते. तुमची गोल असेल तर तो सिलिंडर कोणी भरून देता कामा नये. गळ्यावरच्या पत्र्यात महिना-वर्ष ठोकलेलं असतं तेही बघा. बारा वर्षांनी फेरतपासणी लागते.

खरा धोका सिलिंडरच्या पुढे आहे: रबरी नळी, रेग्युलेटर, जोड, घासणारा तांब्याचा पाइप. कॅम्पर हौद्यात सतत हिंदकळतो, दर मैलाला प्रत्येक जोड थोडा थोडा हलतो. घराच्या ओट्यावरची शेगडी जागेवर बसलेली असते, हे घर रस्त्यावर धावतं.

डिटेक्टरकडे येतो. तो ओरडण्याची तीन कारणं असू शकतात: गॅस खरंच आहे, बॅटरी उतरल्यामुळे त्याला वीज कमी पडते, किंवा त्याचं आयुष्य संपलंय. मागे तारीख छापलेली असते. पाच ते सात वर्षांच्या पुढचा असला तर चाचणीचं बटण दाबून तो बोलला तरी माझा विश्वास नाही. बटण फक्त भोंगा तपासतं. पहाटे तीन म्हणजे फर्नेस रात्रभर चालून बॅटरी खाली बसण्याची वेळ, पण तीच वेळ गॅस साचायलाही पुरेशी. कुठलं कारण आहे हे पलंगावर पडून कळत नाही. नवा बसवा आणि गळती तपासा, दोन्ही करा.

जोडांना भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा, अमोनिया नसलेलं, कारण अमोनिया पितळ खातो. रेग्युलेटरच्या दोन्ही बाजू, रबरी नळीच्या वळणाची जागा. फुगे बारीक असतात, डोळा जवळ न्या, विजेरी लावा, घाई करू नका. त्यानंतर माहितगाराकडून मॅनोमीटरवर, म्हणजे दाब मोजायच्या यंत्रावर, दाब-चाचणी करून घ्या. आतल्या नळ्यांमध्ये दाब पाण्याच्या ११ इंच स्तंभाएवढाच असतो. तो आठवर आणून सगळं बंद करतात, आणि तीन मिनिटं काटा हलता कामा नये.

आणि सिलिंडरचा कप्पा. तो राहायच्या जागेच्या बाजूने पूर्ण बंद हवा आणि तळाला बाहेर उघडणारी वाट हवी. बऱ्याच जुन्या कॅम्परमध्ये लोक थंडी लागते म्हणून ती वाट फोमने बुजवतात. आज संध्याकाळीच हात घालून बघा.

देवराई_७

काका, फ्यूज बसवला. बॅटरी चार्ज करून ठेवली. वाकून वास घेतला, आता काही नाही, पण सिलिंडरही बंद आहे. वीकएंडला साबण लावून बघतो. एक विचारायचं राहिलं: गाडी चालवताना फ्रिज बंद ठेवला तर दूध-भाज्या टिकतात का?

टूसॉनकर

टिकतात. निघण्याआधी रात्रभर थंड करा, आत गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, दार उघडू नका. आम्ही टूसॉनच्या उन्हातही चार-पाच तास असंच नेतो. पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा फ्रिजच्या मागे ज्योत जळतेय हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून निघतानाच सिलिंडर बंद. तुमच्या आईंची सवय इथेही चालवा.

ओंटारियोची_माई

टूसॉनकरांनी सगळं लिहिलंय, मी दोनच गोष्टी जोडते. कॅम्परमध्ये थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून ठेवू नका, अगदी दहा मिनिटंसुद्धा नको. ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही आणि गॅसचा डिटेक्टर तो ओळखेलच असं नाही. त्याचा वेगळा डिटेक्टर घ्या आणि झोपायच्या जागेजवळ लावा. मुलं लवकर गुंगतात, ती उठून सांगत नाहीत. स्वयंपाक करतानाही छताचा झरोका आणि एक खिडकी उघडी हवीच.

दुसरं म्हणजे पूर्वेकडे कधी आलात तर बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून १० पौंडांपेक्षा मोठा सिलिंडर नेता येत नाही. आम्हाला ते तोंडाशी पोचल्यावर कळलं, मुलं मागे, मागून ट्रक भोंगे वाजवतायत. बाहेरच्या वळणाने जायचं आधीच ठरवून निघा.

देवराई_७

सगळ्यांचे मनापासून आभार. काय सापडलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

डिटेक्टर काढून उलटा केला, तर मागे २००६. माझी मुलगी जन्मायच्या कितीतरी आधीचा.

साबणाचं पाणी मी लावत होते, नवरा विजेरी धरून. रेग्युलेटरला काही नाही, शेगडीच्या जोडाला काही नाही. मग सिलिंडरकडून येणाऱ्या रबरी नळीच्या वाकावर लावलं. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मी ब्रश ठेवणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "थांब." मोहरीएवढे फुगे, एकाला एक चिकटून, हळूहळू फेसाची मिशी झाली. रबराला वाकापाशी बारीक चिरा होत्या, बोटाने वाकवल्यावर दिसायच्या, सोडलं की मिटायच्या.

कप्प्याच्या तळाची वाटही बुजलेली होती, फोमने नाही, जुन्या पायपुसण्याच्या तुकड्याने. आणि कप्पा नि आतलं कपाट यांच्या मधल्या फळीत वायर जायला पाडलेलं भोक उघडंच होतं. चिरेतून निघालेला गॅस बाहेर जाऊ शकत नव्हता, आत येऊ शकत होता. त्या दोन रात्री डिटेक्टर बॅटरीमुळे ओरडला की यामुळे, ते आता कधीच कळणार नाही.

नळी आणि रेग्युलेटर दोन्ही नवे टाकले. भोक बुजवलं. काल एका तंत्रज्ञाने आमच्यासमोर दाब लावला. आठ इंच. तीन मिनिटं आम्ही तिघंही त्या काट्याकडे बघत उभे होतो, मुलगी मोठ्याने सेकंद मोजत होती. काटा हलला नाही.

शुक्रवारी रेड फेदर लेक्सला निघतोय. निघताना सिलिंडर बंद करायचं काम मुलीने मागून घेतलंय. वॉल्व उजवीकडे फिरवायचा, हे तिने दाराच्या आतल्या बाजूला खडूने बाण काढून लिहून ठेवलंय.