मदत हवी आहे: नोबुनागानंतरचा वाद नेमका कशाचा?

१५८२ च्या जूनमध्ये क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात आकेची मित्सुहिदे या सरदाराने आपल्याच धन्यावर, जपानचा बलाढ्य सेनानी ओदा नोबुनागावर हल्ला केला. त्यात नोबुनागा गेला आणि थोरला मुलगा नोबुतादाही. नोबुनागाचाच दुसरा सरदार हिदेयोशी याने दोनेक आठवड्यांतच यामाझाकीच्या लढाईत मित्सुहिदेचा निकाल लावला, इथपर्यंत सगळं सरळ आहे.

पुढे वारस ठरवायला कियोसूच्या किल्ल्यात नोबुनागाचे चार सरदार जमले: हिदेयोशी, शिबाता कात्सुइए, निवा नागाहिदे आणि इकेदा त्सुनेओकी. नोबुकात्सू आणि नोबुताका हे नोबुनागाचे दोन मोठे मुलगे असताना गादी मिळाली नोबुतादाच्या कोवळ्या पोराला, सानबोशीला. कात्सुइए नोबुताकाच्या बाजूचा होता, असं नेहमी वाचतो. पण काही अभ्यासक म्हणतात, नातवाबद्दल वाद नव्हताच, भांडण होतं ते पालक कोण यावर. मला हे जास्त पटतं. थोरल्या पातीचा वारस जिवंत होता आणि दोन्ही काका दुसऱ्या घराण्यांत दत्तक गेलेले.

मग दत्तक गेल्याने जपानात हक्क खरंच सुटत असे का? आणि निवा, इकेदा हिदेयोशीकडे का झुकले? फक्त जमिनीच्या वाटपासाठी? १५८३ ला शिझुगाताकेच्या लढाईत कात्सुइए हिदेयोशीकडून हरला, त्यामुळे जेत्यांचीच बाजू जास्त उरली असावी. मराठीत किंवा इंग्रजीत या बैठकीवर नीट काही असेल तर सुचवा.