मदत हवी आहे : उपराष्ट्रपतिपद रिकामं राहिलं तर?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत पोरं सोयाबीनची सोंगणी आटोपून रात्री राज्यघटना वाचतात. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक, तोवर उपराष्ट्रपती काम पाहतात, हे त्यांना पाठ आहे. पण उपराष्ट्रपतिपदासाठी कलम ६८ फक्त 'शक्य तितक्या लवकर' म्हणतं. मुदत का नाही? उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात, पण ते नसले तर ते काम उपसभापती सांभाळतात म्हणून? १९६९ मध्ये राष्ट्रपतींचं काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला कार्यवाहू राष्ट्रपती झाले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेला माणूस, पोरांना फार अप्रूप! संविधान सभेत या मुदतीच्या प्रश्नावर चर्चा झाली होती का? मराठीत कुठे वाचायला मिळेल? जाणकारांनी कृपया सांगावं.