बाळंतिणीचं रडू: डॉक्टरांकडे कधी जायचं?

प्रश्न: बाळ तीन आठवड्यांचं आहे. बाळंतीण रोज रडते, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, ‘ओली बाळंतीण आहे, होईल बरं.’ किती थांबायचं?

निशिगंध: आता थांबू नका. पहिल्या काही दिवसांत सुरू होणारं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर नैराश्य असू शकतं. प्रसूतितज्ज्ञांकडे एडिनबर्ग प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची) मागा: 10 प्रश्न, 30 गुण. 13 किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही आलं तर बेरीज बघत बसू नका. आणि तिची तिलाच भरू द्या, सासूबाई शेजारी बसल्या की खरं उत्तर येत नाही.

ओंजळ: हिमोग्लोबिन, थायरॉईडही तपासा. अंगावर पाजताना चालणारी नैराश्यावरची औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यातलंच. औषधाचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात. लोक आठवड्यातच सोडतात, तिथे घोळ होतो.

निशिगंध: भास, भलते संशय, बाळाला इजा करण्याची भाषा दिसली तर त्याच रात्री इस्पितळात न्या, तिला एकटं ठेवू नका. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास.